आप्पांच्या गाडीची ॲल्युमिनियमची टाकी

लोखंड वितळायच्या आधी रंग बदलतं. आधी गडद लाल, मग केशरी, मग डोळ्यांत न मावणारं पिवळं. वेल्डरला तेवढा वेळ पुरतो. हात कधी पुढे न्यायचा आणि कधी उचलायचा, ते त्या रंगावरून कळतं. कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात मी उमेदीची सगळी वर्षं लोखंडच जोडलं. नोकरी संपल्यावर शिरूरला न्हावरे रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. तिथेही लोखंडच होतं. गोठ्याची फाटकं, खिडक्यांची ग्रिलं, ट्रॉलीचे फाळके. मला वाटायचं, यापुढे नवीन काही शिकायचं उरलेलं नाही.

ॲल्युमिनियमला पहिल्यांदा हात लावला तो त्यानंतर, आणि तोही पोटापाण्यासाठी नाही. भांडगावच्या आप्पांच्या हौसेसाठी.

आप्पा दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. घरची शेती भावांकडे. निवृत्त झाल्यावर ते भांडगावला राहायला आले आणि शेतातल्या शेडमध्ये एक जुनी चारचाकी आणून ठेवली. पूर्वी काळ्या-पिवळ्या टॅक्सी असायच्या ना, त्या जातीची. दौंडच्या एका डॉक्टरांच्या अंगणात ती कित्येक वर्षं उभी होती. आप्पा माझ्याकडे आले ते गोठ्याच्या फाटकाचं काम घेऊन. बोलता बोलता गाडीचा विषय निघाला आणि पुढच्या रविवारी ती बघायला मी भांडगावला गेलो.

गाडी विटांवर उभी होती. चाकं काढलेली. मागच्या सीटवर एक कोंबडी बसली होती, आणि आप्पांच्या मंडळी, शांताकाकी, दार उघडून तिच्याखालची अंडी गोळा करत होत्या.

"बघा भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "हाय तशी बरी हाय. आत्ता निदान अंडी तरी देती. चालाया लागली की काय देणार?"

इंजिन आप्पांनी आधीच खोलून, घासून परत बसवलं होतं. ब्रेकही झाले होते. अडलं होतं ते पेट्रोलच्या टाकीपाशी. मूळची टाकी गंजून तिचा पत्रा बोटाने फुटत होता. भंगारवाल्यांकडे मिळाल्या त्याही तशाच. आप्पांनी मोबाईल पुढे केला. कुठल्या तरी परदेशी हौशी माणसाने आपल्या गाडीला ॲल्युमिनियमची चकचकीत टाकी केली होती.

"सामू, आपण अशी करायची. गंजायचं नावच न्हाई."

माझं नाव सॅम्युएल. शिरूर ते दौंड सगळ्यांना मी सामू.

"आप्पा, मला ॲल्युमिनियम येत नाही."

"मला तरी कुठं गाडी येत हुती? सारी हयात रेल्वेची इंजनं बघितली. आता हिचं खोललं का न्हाई? शीक की."

एवढ्या सहजपणे त्यांनी ते माझ्यावर सोपवलं.

हे काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला जे वेल्डिंग चालतं त्यात कांडी जळते आणि तीच वितळून जोड भरते. टिग वेल्डिंग वेगळं. उजव्या हातात टॉर्च असतो, त्याच्या टोकाला टंगस्टनची बारीक सळई. ती स्वतः वितळायची नसते, तिच्या टोकातून फक्त झोत निघतो. डाव्या हातात भरायची तार. पायाखाली शिलाई मशीनसारखं पेडल, त्याने करंट कमी-जास्त करायचा. टॉर्चमधून आरगॉन गॅस येत राहतो, म्हणजे वितळलेल्या धातूला हवा लागत नाही. दोन्ही हात आणि एक पाय, तिघांनी तीन वेगवेगळी कामं एकाच वेळी करायची. लीला, माझी बायको, मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. ती एकदा शेडमध्ये येऊन पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही पायपेटी वाजवायला बसल्यासारखे दिसता."

आणि ॲल्युमिनियमचा स्वभावच निराळा. ते रंग बदलत नाही. तुम्ही तापवत राहता, ते तसंच पांढुरकं दिसत राहतं, आणि मग एका क्षणी अख्खा तुकडा खाली गळून पडतो. शिवाय त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारी एक साल असते. आतला धातू पाणी झाला तरी ती साल वितळत नाही. म्हणून आधी स्टीलच्या ब्रशने घासायचं, तोही ब्रश दुसऱ्या कशाला लावायचा नाही. मग स्वच्छ पुसायचं. आणि मशीन एसी करंटवर लावायचं, म्हणजे झोतच उरलेली साल फोडत जातो. हे सगळं मी ऐकून आणि मोबाईलवर पाहून शिकलो. हाताला मात्र काहीच येत नव्हतं. सरकत्या खिडक्यांच्या जुन्या पट्ट्या आणून मी जोडायला बसायचो आणि उठताना पुढे भोकांचा ढीग असायचा.

मला खरं शिकवलं ते रामप्रवेशने. तो बिहारचा, वयाने माझ्या मुलाएवढा. कोरेगाव भीमाजवळ दुधाच्या टँकरच्या टाक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होता. कारखान्यातल्या माझ्या जुन्या सोबत्याने ओळख करून दिली. रविवारी उपासना आटोपली की मी त्याच्याकडे जायचो. तो चहा ठेवायचा, मग माझ्यामागे उभा राहून माझ्या खांद्यावरून बघायचा.

"चाचा, रंग मत देखिए," तो सांगायचा. "रंग आएगा ही नहीं. चमक देखिए."

झोत धरल्यावर आधी जागा मळकट होते. मग एकाएकी तिथे पाऱ्यासारखा चकचकीत थेंब उभा राहतो. तो दिसला की तार टेकवायची, आणि लगेच पुढे सरकायचं. थांबलात तर भोक. हे समजायला मला एक क्षण लागला आणि जमायला सबंध उन्हाळा गेला. पंखा लावता येत नव्हता, कारण वाऱ्याने गॅस उडतो. शिरूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पंखा बंद करून बसणं काय असतं ते बसल्याशिवाय कळत नाही. टॉर्चचं टोक थेंबाला चुकून लागलं की काळी काजळी उडायची आणि टंगस्टन परत घासून टोकदार करावं लागायचं. या झोताने ऊन लागल्यासारखी कातडी भाजते हेही मला माहीत नव्हतं. शर्टाचं वरचं बटण उघडं राहायचं, तिथे गळ्याखाली लाल त्रिकोण उठला. लीलाने त्याला मलम लावलं आणि सगळी बटणं लावल्याशिवाय शेडमध्ये जायचं नाही असं बजावलं.

टाकी झाली. आम्ही तिची तोंडं बंद करून हलकी हवा भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी फिरवलं. जागोजागी बुडबुडे आले. ते पुसून, घासून परत जोडले. पुन्हा बुडबुडे, पण थोडे. असं करत करत एका सकाळी एकही बुडबुडा आला नाही. आप्पांनी टाकीवर हात फिरवला आणि मला स्वतःच्या डब्यातली तंबाखू पुढे केली. मी खात नाही हे त्यांना माहीत होतं.

गाडी रस्त्यावर आली. पहिल्या मोठ्या फेरीला आप्पा, काकी आणि मी भांडगावहून निघालो. चौफुल्याला वळून, पारगावचा पूल ओलांडून, न्हावऱ्यावरून शिरूर. लीलाने तिकडे जेवण करून ठेवलं होतं. आप्पा हातात पूजेचं ताट असावं तशी गाडी चालवत होते. काकी मागे एकट्या, नवी साडी नेसून.

पूल मागे पडला आणि काकी म्हणाल्या, "अहो, वास येतुया."

"पेट्रोलची गाडी हाय," आप्पा म्हणाले. "वास येणारच की."

"मघाशी येत न्हवता."

मी मागे वळलो. मलाही आला. आप्पांनी गाडी कडेला घेतली. मी खाली वाकून पाहिलं, तर टाकीच्या कोपऱ्यातून पेट्रोल निथळत होतं आणि सायलेन्सरच्या नळीपासून वीतभर अंतरावर जमिनीवर पडत होतं. मी काकींचं दार उघडलं, हात धरून त्यांना बाहेर काढलं आणि शेजारच्या कांद्याच्या रानात लांब जाऊन उभं राहायला सांगितलं. आप्पांनी इंजिन बंद केलं आणि बॅटरीची वायर काढली.

तेवढ्यात उसाचा एक ट्रॅक्टर मागे येऊन थांबला. ड्रायव्हर भला माणूस. उडी मारून मदतीला आला. तोंडात पेटलेली बिडी.

"काय झालं मामा? ढकलायची का?"

मी आणि आप्पा एकदमच ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. त्याला काही कळेना, तो हसत आणखी पुढे येत होता. रानातून काकींचा आवाज आला, "आरं मुडद्या, बिडी टाक! तिकडं, मागं टाक!" त्या आवाजाला मात्र तो जागच्या जागी थांबला, मागे फिरला, आणि ट्रॅक्टरपलीकडे जाऊन बिडी पायाखाली चिरडून आला. नंतर त्यानेच दोराने गाडी न्हावऱ्यापर्यंत ओढून नेली.

काकी गाडीत बसल्या नाहीत. एसटीने शिरूरला आल्या, लीलाने वाढलेलं व्यवस्थित जेवल्या, आणि एसटीनेच भांडगावला गेल्या.

टाकी मी शेडमध्ये आणली. तिला लगेच झोत लावायचा विचारही कोणी करू नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, कारण आत पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगी लागली की तिचा बॉम्ब होतो. आप्पांना रेल्वेतली सवय. त्यांनी ती साबणाच्या गरम पाण्याने परत परत धुतली, वाफ सोडली, उन्हात तोंडं उघडी ठेवून वाळवली. मग मी रामप्रवेशला फोन लावला. तो म्हणाला, "जोड़िए मत, चाचा. काट के देखिए."

हॅकसॉ घेऊन, मध्ये पाणी सोडत, हाताने मी माझंच काम कापलं. बाहेरून जोड माशाच्या खवल्यांसारखे सुरेख दिसत होते. आतून पाहिलं तर कित्येक ठिकाणी धातू पलीकडे पोचलाच नव्हता, नुसते काळपट गोळे. आणि जिथून गळलं तिथे, टाकीला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा जोड जिथे संपत होता, त्या शेवटच्या थेंबात केसाएवढी चीर होती. ॲल्युमिनियमचा जोड संपवताना पाय एकदम उचलायचा नसतो. करंट हळूहळू उतरवत शेवटचा खळगा तारेने भरायचा असतो. मी कांडीवाला माणूस. काम झालं की हात झटकन उचलायची सवय. तिथे चीर राहिली आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी ती उघडली.

आप्पांनी चष्मा लावून ती चीर पाहिली. "आता कळलं ना? मग दुसरी कर."

"तुम्ही परत माझ्याकडूनच करून घेणार?"

"दुसऱ्या कुणाला ही चीर म्हाईत हाय का?"

काकींचं म्हणणं मात्र वेगळं होतं. ते त्यांनी आप्पांबरोबर निरोपाने पाठवलं. सामूभाऊंची बायको त्या गाडीत बसंल तवा मी बसंन, तोवर न्हाई. आप्पा हे सांगताना ओशाळले होते. मला ते अगदी रास्त वाटलं.

घरी लीलाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मी बसेन. पण आधी तुम्ही सांगा, बसवाल का मला?"

मी टॉर्च साफ करायचं निमित्त काढून शेडमध्ये गेलो.

दुसरी टाकी मी घाई न करता केली. प्रत्येक जोडाआधी तसाच एक नमुना जोडायचा, तो कापायचा, वाकवायचा, आतून पाहायचा. पट्टी थेट टाकीला जोडण्याऐवजी टाकी पट्ट्याने बांधायची आणि मध्ये रबर ठेवायचं, म्हणजे हादरे जोडावर येणार नाहीत, हे आप्पांनी सुचवलं. मधल्या काळात न्हावरे रस्त्यावर बातमी पसरली की सामूकडे ॲल्युमिनियम जोडून मिळतं. लोक काय काय घेऊन यायचे. मोटारसायकलच्या इंजिनाची फुटकी झाकणं आली. ती जन्मभर तेल प्यालेली असतात, कितीही घासा, तापवलं की आतून काळा फेस वर येतो. दुधाचे जुने कॅन आले. एक बाई प्रेशर कुकरचं झाकण घेऊन आल्या. मी नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "एवढी टाकी करता आन् झाकण होत न्हाई?" त्यांना शिटी आणि दाबाची गोष्ट समजावण्यात माझा चहा गार झाला. शेवटी त्या पटलं म्हणून नव्हे, कंटाळून गेल्या.

आणि एक हॉटेलवाले आले. पुणे-सोलापूर रस्त्यावर त्यांचं मोठं हॉटेल, दारात मोठी गाडी. खड्ड्यात आपटून तिच्या ॲल्युमिनियमच्या चाकाला तडा गेला होता. मी चाक फिरवून पाहिलं आणि परत दिलं. जोडता आलं असतं. पण झोताच्या उष्णतेने जोडाच्या आजूबाजूचा धातू नरम पडतो, आणि कारखान्यात त्याला दिलेली ताकद माझ्या शेडमध्ये परत देता येत नाही. पातेलं असतं तर चाललं असतं. शंभराच्या वेगाने पळणाऱ्या गाडीचं चाक मी करणार नव्हतो.

"अवो, सगळे करतात," ते म्हणाले.

"करत असतील. मला नाही जमायचं."

"म्हंजी येत न्हाई म्हणा की सरळ."

"तसं समजा."

ते रागाने गेले. दुसरीकडून जोडून घेतलं. आता इथे वाचणाऱ्याला वाटेल की पुढे काहीतरी वाईट घडलं आणि माझं म्हणणं खरं ठरलं. तसं काही झालं नाही. ते चाक अजून चालू आहे. हॉटेलवाले शिरूरला येतात तेव्हा माझ्या शेडसमोर काच खाली करून मोठ्याने विचारतात, "काय मास्तर, चाक बघायचं का?" मी हात हलवतो. मनातून मला बरंच वाटतं की ते चाक टिकलं. आणि तरीही उद्या कोणी तसं चाक आणलं तर मी परत देईन.

रामप्रवेशला दुसरी टाकी दाखवायची राहून गेली. ती पुरी व्हायच्या आधीच त्याचे वडील आजारी पडले आणि तो गावी गेला. तिथून गुजरातला कामाला लागला असं कळलं, मग त्याचा नंबर बदलला. मी टाकी शेवटी कापून पाहू शकलो नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. कापलेली नसताना तिच्यावर विश्वास ठेवायला शिकलो हेही.

टाकी बसवल्यावर आप्पा आणि मी पुष्कळ फिरलो. दौंडच्या बाजाराला, वरवंडला, खराब रस्ता मुद्दाम शोधून. दर वेळी घरी आलो की मी गाडीखाली आडवा व्हायचो, बोटाने जोड चाचपायचो, बोट नाकाला लावायचो. एके दिवशी असाच आडवा झालो असताना लक्षात आलं की आज मी वास घ्यायचाच विसरलो होतो. त्या दिवशी घरी येऊन लीलाला म्हटलं, "बसवतो."

"मग पुढच्या रविवारी नातवाचा बाप्तिस्मा आहे," ती लगेच म्हणाली. "शनिवारी आपण त्या दोघांना घ्यायला जाऊ."

शनिवारी आम्ही एसटीने भांडगावला गेलो. काकींनी पिठलं-भाकरी केली होती. जेवण झाल्यावर सगळे अंगणात आलो. काकींनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागे वाकून हुंगलं, आणि लीलाकडे पाहिलं. लीला आधी आत बसली, पलीकडे सरकली आणि शेजारच्या सीटवर हात ठेवून म्हणाली, "या काकी."

काकी बसल्या. दार आप्पांनी बाहेरून लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

चौफुल्यापर्यंत माझे कान मागे लागलेले. मग काकींनी विचारलं, नातवाचं नाव काय ठेवणार. लीलाने सांगितलं. त्यावरून आमच्या सुनेचं बाळंतपण निघालं, मग काकींच्या लेकीचं, मग दवाखान्यातल्या एका जुन्या डॉक्टरीणबाई, ज्या दोघींनाही माहीत होत्या. पारगावचा पूल आला तेव्हा त्या लोणच्याच्या मसाल्यापाशी पोचल्या होत्या. टाकीचं नाव कोणी काढलं नाही.

पुलापलीकडे आवाज मंदावत गेले. मी हळूच वळून पाहिलं. काकी लीलाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. लीलाने मला नजरेनेच पुढे बघायला सांगितलं.

न्हावऱ्याच्या अलीकडे उसाने भरलेली ट्रॉली रस्ता अडवून चालली होती. आप्पांनी हॉर्नवर हात नेला, आरशात पाहिलं, आणि हात परत स्टिअरिंगवर ठेवला. तसेच त्या ट्रॉलीमागून हळूहळू आम्ही शिरूरपर्यंत आलो.